दुधाचा साबण: आजीच्या साईपासून शेळीच्या वडीपर्यंत

पोस्ट लांब आहे. वेळ काढून वाचा, आणि घरातल्या बायामाणसांना वाचून दाखवा. विषय त्यांचाच आहे.

परवा आठवडी बाजारात एक ताई भेटल्या. आपल्याच तालुक्यातल्या, एका महिला बचत गटाच्या अध्यक्षा. पिशवीतून घडी घातलेलं एक पत्रक काढलं अन् म्हणाल्या, "दादा, तुम्ही पेपरवाले. एवढं वाचून सांगा, खरं हाय का हे?"

पत्रकावर दुधाचा भरलेला पेला, शेजारी पांढऱ्याशुभ्र साबणाच्या वड्या आणि खाली मोठ्या अक्षरात मजकूर. घरच्या घरी दुधापासून साबण बनवा, प्रत्येकी महिना तीस हजार कमवा. दोन दिवसांचं प्रशिक्षण, बाईमागं सहा हजार रुपये फी. गटात दहा जणी आहेत. म्हणजे साठ हजार झाले.

ताई म्हणाल्या, "दसऱ्याच्या आत ठरवायचंय. न्हाई जमलं तर उचल घ्यावी लागंल. मुकादम दोनदा येऊन गेला."

वडवणी, धारूर, केजच्या लोकांना हे वाक्य फोडून सांगायची गरज नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो. उचल म्हणजे ऊसतोडीची आगाऊ रक्कम. ती घेतली की नवरा-बायकोचा एक कोयता सहा महिन्यांसाठी पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात बांधला गेला. लेकरांची शाळा, म्हातारी माणसं सगळं मागं. त्यामुळं या बायांना साबणाची हौस नव्हती. त्यांना कोयत्याला पर्याय पाहिजे होता.

मी आठ दिवस मागून घेतले. वाचलं, फोन केले, एका मित्राच्या घरी प्रत्यक्ष साबण करून बघितला. वाचता वाचता या विषयाचा मोठा इतिहास हाती लागला. तो आधी सांगतो, कारण तो कळल्याशिवाय शेवटचा हिशोब कळणार नाही.

आपल्याकडं साबणाच्या आधी दूधच होतं. माझ्या आजीनं तरुणपणी अंगाला साबण लावला नव्हता. लेकरू जन्मलं की सव्वा महिना त्याची न्हाणी चालायची. तेल चोळायचं, मग डाळीचं पीठ, हळद अन् दुधावरची साय यांचा गोळा करून अंगावर फिरवायचा. त्यानं तेल निघतं, मळ निघतो आणि कातडी कोरडी पडत नाही. नवरीला हळदीच्या आधी हेच. दिवाळीच्या अभ्यंगाला उटणं दुधात कालवायचं. केसांना शिकेकाई अन् रिठा. रोजच्याला नदीकाठची माती नाहीतर अंग घासायचा दगड.

यात शास्त्र आहे. साईतल्या स्निग्धांशानं कातडी मऊ राहते, पीठ तेल शोषून घेतं, रिठ्याला आपोआप फेस येतो. पण हा साबण नव्हे. साबण म्हणजे तेल किंवा चरबी आणि तीव्र खार यांच्या संयोगातून तयार होणारा तिसराच पदार्थ. तो आपल्या घरात होत नव्हता. कपड्यांचा मळ काढायला मात्र खार वापरायचे. परीट लोक भट्टी लावायचे, राखेच्या किंवा खाराच्या पाण्यात कपडे उकळायचे. गाडगेबाबा १८७६ साली अशाच एका परीट घरात जन्मले. कपड्याचा मळ काढणाऱ्या घरातला माणूस पुढं गावाचा मळ काढायला निघाला, आणि हातात साबण नव्हता, खराटा होता.

'साबण' शब्दच बाहेरून आलेला आहे. अरबी-फारसीत साबून, पोर्तुगीजांचा साबांव. दोन्ही रस्ते आपल्याकडं पोचतात. आपण तर निजामाच्या मुलखातले, उर्दू कानावरची. म्हातारी माणसं अजून 'साबू' म्हणतात, आपण 'साबन' म्हणतो.

आता कारखान्याच्या साबणाकडं येऊ. युरोपात साबण फार जुना, पण महाग होता. तो स्वस्त व्हायला दोन गोष्टी घडल्या. फ्रान्समध्ये लेब्लाँ यानं १७९१ च्या सुमारास मिठापासून सोडा करायची रीत काढली. मग शेव्हरल नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं १८२३ पर्यंत चरबीची चिरफाड करून तिच्यात नेमकं काय असतं ते मांडलं. तेल म्हणजे स्निग्ध आम्ल अधिक ग्लिसरीन. कॉस्टिक सोड्यानं ती जोडी तुटते. आम्लाचा साबण होतो, ग्लिसरीन मोकळं होतं.

यातली एक गंमत सांगतो. दुधातल्या काही स्निग्ध आम्लांची नावं कॅप्रोइक, कॅप्रिलिक, कॅप्रिक अशी आहेत. हा 'कॅप्र' म्हणजे लॅटिनमधली शेळी. शेळीच्या दुधाला, लोण्याला जो उग्र वास येतो तो यांचाच. म्हणजे साबणाच्या शास्त्रात शेळी पहिल्या दिवसापासून बांधलेली आहे.

हिंदुस्थानात १८८८ साली कलकत्त्याच्या बंदरात 'सनलाइट' साबणाच्या पेट्या उतरल्या. वर लिहिलेलं होतं की माल इंग्लंडात लीव्हर बंधूंनी केला आहे. १८९५ मध्ये लाइफबॉय आला. हे साबण बघून इथल्या लोकांना दोन प्रश्न पडले. पैसा बाहेर चालला, हा एक. आणि यात चरबी कुणाची, हा दुसरा. १८५७ च्या काडतुसांची गोष्ट लोक विसरले नव्हते. जनावराची चरबी अंगाला लावायची म्हटल्यावर हिंदू, जैन, मुसलमान सगळेच बिचकायचे. घरात साबण आला तरी देवघरात जायच्या आधी त्यानं हात न धुणारी माणसं होती.

या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर मुंबईतून आलं. अर्देशीर गोदरेज. १८९७ मध्ये लालबागला कुलपांचा कारखाना काढलेला हा पारशी माणूस १९१८ च्या सुमारास साबणात उतरला आणि चरबी अजिबात न घेता वनस्पती तेलापासून साबण केला. पहिल्या साबणाचं नाव 'चावी'. कुलूपवाल्याचा साबण, म्हणून चावी. नंतर अंगाचा साबण काढला तर आधी 'नंबर २' बाजारात आणला आणि मग १९२२ मध्ये 'नंबर १'. असं सांगतात की त्यांचा हिशोब सोपा होता. दोन नंबरच एवढा चांगला तर एक नंबर कसा असेल, असं गिऱ्हाइकाला वाटलं पाहिजे. रवींद्रनाथ टागोरांनी या साबणाच्या जाहिरातीला आपलं नाव दिलं. टिळक स्वराज्य फंडाला अर्देशीर यांनी तीन लाख रुपये दिले, तेही त्या काळचे तीन लाख.

त्याच सुमाराला म्हैसूरच्या राजानं अन् विश्वेश्वरय्यांनी चंदनाच्या तेलाचा साबण सुरू केला. पहिल्या महायुद्धात चंदन परदेशी जाईना, ओंडके पडून राहिले. त्यांनी तेल काढलं, आणि साबणाचं शास्त्र शिकायला शास्त्री आडनावाच्या एका तरुणाला इंग्लंडला धाडलं. लोक पुढं त्यांना 'सोप शास्त्री' म्हणायला लागले. टाटांनी १९१७ मध्ये टाटा ऑइल मिल्स काढली. केरळात खोबरं होतं म्हणून कारखाना तिकडं. हमाम, ५०१ बार, नंतरचा मोती हे सगळे त्यांचे. लीव्हरनं पाहिलं की आता बाहेरून आणून भागायचं नाही. १९३४ मध्ये मुंबईत शिवडीला त्यांचा साबण तयार व्हायला लागला. १९४१ मध्ये लक्सच्या जाहिरातीत पहिली भारतीय नटी झळकली, ती आपली मराठी लीला चिटणीस.

हे वाचताना एक लक्षात ठेवा. चावीला तेल पाहिजे होतं. म्हैसूरला चंदन पडून होतं. टाटांना खोबरं जवळ होतं. ज्याच्याकडं कच्चा माल होता किंवा बाजार होता, तो टिकला. नुसती कृती माहीत असलेला कुणी टिकल्याचं मला दिसलं नाही.

आपल्या भागात हे सगळं फार उशिरा पोचलं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात. साबण म्हणजे वकिलाच्या, देशमुखाच्या घरची चीज. घराघरात तो पोचला पुढच्या पिढीत. मला आठवतं ते ऐंशीच्या दशकातलं. लाल लाइफबॉयची एक जाड वडी, ती दोऱ्यानं मधोमध कापायची. अर्धी न्हाणीत, अर्धी फळीवर. कपड्यांना ५०१ चा लांब बार, दुकानदार तुकडा तोडून द्यायचा. मग निरमा आली. दिवाळीला मोतीची एकच गोल वडी घरात यायची आणि पहिल्या आंघोळीला सगळ्यांच्या अंगावरून फिरायची. पाहुणा आला की नवी वडी बाहेर.

त्याच काळात आणखी एक गोष्ट घडली. गावात दूध संकलन सुरू झालं. सकाळी कॅन घेऊन माणूस दारात यायचा. आजीची साय बंद झाली. पैसे फॅटवर मिळायला लागल्यावर अंगाला साय लावणं म्हणजे नोट पाण्यात टाकणं. अंगाचं दूध डेअरीला गेलं, आणि डेअरीच्या पैशातून दुकानचा साबण घरी आला. कुणी ठरवून केलं नाही, झालं. आता इतक्या वर्षांनी कंपन्या वेष्टनावर दुधाची धार अन् मलईचं चित्र छापून आपल्यालाच विकतात, आणि पत्रकवाले म्हणतात, दुधाचा साबण करा.

चरबीचा प्रश्नही संपला नव्हता. १९८३ मध्ये वनस्पती तुपात गाईची चरबी मिसळल्याचं प्रकरण देशभर गाजलं. साबणाच्या नावाखाली चरबी आयात व्हायची आणि त्यातली काही तुपाच्या डब्यात जायची. शेवटी सरकारनं ती आयात बंद केली. तेव्हापासून 'शुद्ध वनस्पती तेलाचा साबण' हे शब्द विकले जाऊ लागले.

घरगुती साबणाचा विचार आपल्या राज्यात नवा नाही. १९३४ च्या डिसेंबरात वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, कुमारप्पांनी मगनवाडीत काम उभं केलं. तेलघाणी, हातकागद, गूळ, आणि त्यांच्याच रांगेत साबण. पुढं खादी आणि ग्रामोद्योग आयोग झाला तेव्हा अखाद्य तेल आणि साबण हा ग्रामोद्योगाचा एक मान्य प्रकार ठरला. विचार असा की लिंबोळी, करंज फुकट पडून असतं, त्याचं तेल काढा अन् साबण करा, खायचं तेल वाचवा. गांधीजी स्वतः १९१९ पासून शेळीचं दूध प्यायचे. गाई-म्हशीचं दूध न घेण्याचं व्रत होतं, आजारपणात कस्तुरबांनी आठवण करून दिली की शेळीचं त्यात येत नाही. पण शेळीचं दूध आणि साबण ही जोडी काही तेव्हा जमली नाही.

ती जमली आपल्या शेजारी, धाराशिवला. २०१९ च्या सुमारास पेपरात बातमी आली होती. तेव्हा जिल्ह्याचं नाव उस्मानाबाद होतं. विनायक हेगाणा या तरुणाच्या 'शिवार' संस्थेनं उस्मानाबादी शेळीच्या दुधापासून साबण करायचं काम सुरू केलं. बातमीत आकडे होते: २५ गावं, २५० कुटुंबं, १४०० शेळ्या. लिटरमागं ३०० रुपये आणि काम करणाऱ्या बाईला दिवसाला १५० रुपये. शेतकरी आत्महत्यांच्या प्रश्नावर काम करता करता हा माणूस शेळीपर्यंत आला होता.

मी तेव्हा ती बातमी वाचून थक्क झालो होतो. गाईच्या दुधाला पंचवीस-तीस रुपये मिळायची मारामार आणि शेळीच्या दुधाला तीनशे? उस्मानाबादी शेळी आपल्याही रानात आहे. काळी, काटक, दुष्काळात तग धरणारी, बहुतेक वेळा जुळी देणारी. पण ती मटणाची जात. दूध दिवसाला अर्धा ते दीड लिटर, तेही आधी करडांचं. मग तीनशेचा भाव परवडतो कसा? हे कोडं मला साबण करून बघितल्यावर सुटलं.

म्हणून कृती सांगतो. पण आधी इशारा. कॉस्टिक सोडा म्हणजे खायचा सोडा नव्हे. अंगावर पडला तर कातडी जाळतो, डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. हातमोजे, चष्मा, उघडी हवा, आणि लेकरं लांब. जर्मनचं पातेलं चालत नाही, सोडा त्याला खातो आणि पेट घेणारा वायू सुटतो. स्टील घ्या. कुठं उडालाच तर भरपूर पाण्यानं धूत राहा आणि दवाखाना गाठा.

आम्ही घेतलं ते असं: खोबरेल ५०० ग्रॅम, शेंगदाणा तेल ४०० ग्रॅम, एरंडेल १०० ग्रॅम. म्हणजे तेल एक किलो. कॉस्टिक १५० ग्रॅम. दूध ३०० ग्रॅम. सगळं डिजिटल काट्यावर. इथं अंदाजपंचे चालत नाही, कारण प्रत्येक तेलाला लागणारा सोडा वेगळा असतो. १०० ग्रॅम खोबरेलाला सुमारे १८.३ ग्रॅम, शेंगदाण्याला १३.६, एरंडेलाला १२.८. बेरीज केली की १५८ च्या वर जाते. त्यातून पाच टक्के मुद्दाम कमी केला, म्हणजे थोडं तेल तसंच राहतं आणि साबण अंगाला चावत नाही.

दूध आदल्या रात्री बर्फाच्या साच्यात गोठवलं. हे सगळ्यात महत्त्वाचं. कॉस्टिक पाण्यात पडला की उकळतं पाणी व्हावं एवढी उष्णता निघते. साध्या दुधात टाकला तर दुधातली साखर करपते, रंग विटकरी होतो, वास सुटतो. म्हणून पातेलं बर्फाच्या परातीत ठेवून गोठलेल्या दुधावर सोडा चमच्या-चमच्यानं टाकायचा. दुधात सोडा, सोड्यात दूध नाही. तरी ते पिवळं झालंच आणि अमोनियाचा भपका आला. घाबरायचं कारण नाही, तो वास पुढं उडून जातो. मग ते कोमट तेलात ओतलं आणि ढवळत राहिलो. पातळ पिठल्याइतकं घट्ट झालं की साच्यात. दुसऱ्या दिवशी वड्या कापल्या. रंग पांढराशुभ्र आला नाही, दुधी पेढ्यासारखा आला. पत्रकातला पांढरा रंग कुठून येतो, देव जाणे.

आता या वड्या चार ते सहा आठवडे हवेवर वाळवायच्या. तेवढ्यात उरलासुरला सोडा संपतो, पाणी उडतं, साबण कडक होतो. तोवर विकायच्या नाहीत, वापरायच्या नाहीत.

हिशोब इथं सुरू होतो. एक किलो तेल, ३०० ग्रॅम दूध, १५० ग्रॅम सोडा. एकूण साडेचौदाशे ग्रॅम. म्हणजे शंभर ग्रॅमच्या चौदा वड्या. याच मापानं एक लिटर दुधात ४५ ते ५० वड्या होतात. एका वडीत दूध फक्त वीस-एकवीस ग्रॅम, तेल मात्र सत्तर ग्रॅमच्या आसपास.

कळलं ना? दुधाच्या साबणात दूध तेलापेक्षा कितीतरी कमी आहे. तीनशे रुपये लिटरनं शेळीचं दूध घेतलं तरी वडीमागं सहा रुपये पडतात. तीस रुपयांचं गाईचं घेतलं तर साठ-पासष्ट पैसे. म्हणून शेळीवाल्याला तीनशे देणं जमू शकतं. आणि म्हणूनच दुधाच्या पडलेल्या भावावर साबण हा इलाज होऊ शकत नाही. १ जून २०१७ ला पुणतांब्यापासून शेतकरी संप झाला, दूध रस्त्यावर ओतलं गेलं. २०१८ च्या जुलैत पुन्हा तेच. २०२४ मध्ये सरकारनं लिटरमागं आधी ५ आणि मग ७ रुपये अनुदान दिलं. प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणतं, दूध ओतता कशाला, साबण करा, पनीर करा. पनीरचं ठीक आहे. पण गावातलं पाचशे लिटर दूध साबणात घालायचं तर रोज २४ हजार वड्या होतील. घेणार कोण?

आता पत्रकातले तीस हजार बघू. वडीमागं वीस रुपये नफा धरला, हा मी उदारपणे धरतोय. तरी एका बाईला महिन्याला १५०० वड्या विकाव्या लागतील. दहा जणींच्या १५ हजार. त्याला दूध लागेल रोजचं दहा लिटर, ते एका गोठ्यात मिळेल. तेल लागेल महिन्याला एक टनाच्या वर. सरासरी तीनशे रुपये किलो धरलं तरी तीन लाखांचं तेल, आणि तो पैसा वड्या वाळेपर्यंत दीड महिना अडकून. पत्रकात यातलं एक अक्षर नाही.

विक्रीचं तर विचारूच नका. आपली वडी घरातच तीस रुपयांना पडते. आपल्या किराणा दुकानात दहा रुपयांना साबण आहे. मजुरी करून आलेली बाई आपला साबण का घेईल? तो घेणार पुण्या-मुंबईचा, संभाजीनगरचा माणूस, त्याला गोष्ट पाहिजे असते, शेळीची, दुष्काळाची, हाताच्या कामाची. तिथपर्यंत पोचायला कुणीतरी विकणारा पाहिजे. धाराशिवच्या बातमीत मला महत्त्वाचं वाटलं ते हेच. बायांच्या मागं एक संस्था होती. बाईनं दूध द्यायचं, काम करायचं, पैसे घ्यायचे. विकायची जोखीम तिच्या डोक्यावर नव्हती.

कायद्याचंही सांगतो. स्वतःच्या घरापुरता साबण करायला कुणाची परवानगी लागत नाही. विकायचा असेल तर अंगाचा साबण कायद्यानं सौंदर्यप्रसाधनात येतो. २०२० च्या नियमांप्रमाणं अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो, जागा लागते, रसायनशास्त्र शिकलेलं माणूस देखरेखीला लागतं. वेष्टनावर परवाना क्रमांक, बॅच, वजन, तारीख, किंमत सगळं पाहिजे. अन् 'इसब जातो, डाग जातात' असं तर अजिबात छापू नका. रोग बरा होतो म्हटलं की ते औषध झालं. खरं सांगायचं तर साबण कातडीवर राहतो अर्धा मिनिट. शेळीच्या दुधाची वडी मऊ लागते, फेस दाट येतो, ते मी अनुभवलं. त्यापुढचे दावे ऐकून सोडून द्या.

हे सगळं घेऊन मी ताईंच्या गटाच्या बैठकीला गेलो. फळ्यावर हिशोब मांडला. दहाही जणी शांत बसून होत्या. मला वाटलं, आपण यांचं मन मोडलं. मग मागून एक म्हातारी म्हणाली, "म्हंजी दूध आपलं, हात आपले, अन् पैसा तेलवाल्याचा अन् इकणाऱ्याचा. ऊसात तरी दुसरं काय असतं?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं.

मग त्यांनीच चर्चा केली. ठरलं ते असं. साठ हजार कुणालाही द्यायचे नाहीत. दोघी जणी धाराशिवला जाऊन काम प्रत्यक्ष बघून येणार, कुणी माल उचलून घेणारा असेल तरच पुढं जायचं. तोवर स्वतःच्या घरापुरत्या वड्या करून हात बसवायचा. एकीनं विचारलं, खोबरेल एवढं महाग, तर आपल्या बांधावरच्या लिंबोळीचं, करंजाचं काय? वर्ध्यातल्या लोकांचाही हाच विचार होता, असं मी सांगितलं. अंगाला नाही तर कपड्याला, भांड्याला साबण होईल. त्याला आपल्याच गावात गिऱ्हाईक आहे. मला तो प्रश्न सगळ्यात शहाणा वाटला.

दहापैकी चौघींनी मात्र उचल घेतली. लेकीचं लग्न आहे, दवाखान्याचं देणं आहे. त्यांना दीड महिना वाळणाऱ्या वडीची वाट बघणं शक्य नाही. हे लिहिताना वाईट वाटतं, पण लपवून काय उपयोग?

माझं म्हणणं एवढंच आहे. उमेद असो, माविम असो, की खादी ग्रामोद्योग मंडळ असो, प्रशिक्षणं भरपूर होतात. बाईला साबण, अगरबत्ती, मेणबत्ती शिकवून प्रमाणपत्र देतात, फोटो होतो. तेलाला खेळतं भांडवल आणि तयार मालाला हमीचा घेणारा, या दोन गोष्टी पुरेशा मिळत नाहीत. तालुक्यात परवानाधारक अशी एक सामायिक जागा झाली, जिथं चार-पाच गट मिळून माल करतील, तर चाळीस-पन्नास कोयते तरी घरी राहतील. आश्रमशाळा, वसतिगृहं, सरकारी दवाखाने वर्षभर साबण विकत घेतातच. त्यातला थोडा वाटा तालुक्यातल्या बायांच्या मालाला द्यायला काय अडचण आहे? लोकप्रतिनिधींनी आणि अधिकाऱ्यांनी ही पोस्ट वाचली असेल तर यावर बोलावं.

आणि कुणाच्या हातात ते पत्रक आलं असेल तर पैसे भरायच्या आधी तीन प्रश्न विचारा. तेलाचा पैसा कोण घालणार? परवाना कुणाच्या नावावर? माल कोण उचलणार, लेखी देता का? तिन्हीची उत्तरं मिळाली तर जरूर जा.

मित्राच्या घरच्या वड्या आता पाचव्या आठवड्यात आहेत. एक वडी मी आईला दिली. तिनं हुंगून बघितली अन् म्हणाली, "तुझी आजी साय लावायची, तसाच वास येतो." मला तसा वास आला नाही, पण मी काही बोललो नाही.

तुमच्या घरी साबणाच्या आधी अंगाला, केसांना काय लावायचे? लिंबोळी-करंजाचा साबण कुणी केलेला बघितलाय का? आजी-आजोबांना विचारून खाली लिहा. सगळं एकत्र करून पुन्हा एकदा लिहीन.